पिवळ्या कार्डांची खोली

३ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

नमस्कार-बिमस्कार घालत बसत नाही. तुझं पत्र मिळालं. दोन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, आधी ओळखलंच नाही, वाटलं कुणाचं तरी चुकून माझ्या दारात पडलंय. पहिल्या दोन ओळी खुशाली, तिसऱ्या ओळीला औषध. बरं केलंस. गोड गोड लिहून अर्धं पान वाया घालवलं असतंस तर मी वैतागले असते.

फोन का नाही केलास ते विचारत नाही. फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो. पत्रात निदान समोरचीचं पुरतं ऐकून घ्यावं लागतं. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा चुका काढत बसू नकोस. कागद पाठकोरे आहेत. मागे उंदरांच्या वजनाचे जुने तक्ते छापलेत, ते वाचू नकोस.

हो, पेपरात आलंय ते आमच्याच प्रयोगशाळेतलं. फोटोतल्या त्या आमच्या मॅडम. ज्या उंदरांवर सगळं झालं ते माझ्या हातचे, पण फोटोत ना ते, ना मी. ‘म्हातारपण लांबवणारं औषध’ असं वर मोठ्या अक्षरात छापलंय, ते फुगवून सांगितलंय. उंदीर म्हातारे होतात. चांगले होतात. पाठीला बाक येतो, केस झडतात, एका डोळ्यात पांढरं पडतं, आणि शेजाऱ्याला उगीच चावतात. आपल्या घराण्यावर गेल्यासारखे. औषध खाल्लेले बाकीच्यांपेक्षा तेवीस दिवस जास्त जगले, एवढंच. माणसाच्या आयुष्यात ती दोन वर्षं होतात म्हणे.

भावोजींचं वाचलं. ‘स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसतात आणि बराच वेळ झाला, निघतो आता म्हणतात’ हे तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. तीस वर्षं बसमध्ये लोकांना आपापल्या थांब्यावर उतरवलं त्या माणसाने. माझ्यावर त्यांनी कधी आवाज चढवला नाही. तू दोघांच्या वाटणीचा चढवायचीस.

औषधाचं विचारते. वचन देत नाही.

आईचं तू काही लिहिलं नाहीस. मीही लिहीत नाही. डॉक्टर म्हणाले वेळ नाही, म्हणून मी सही केली. तेव्हा हेच सांगितलं होतं, आजही तेच.

धाकटी

१६ फेब्रुवारी, रविवार

ताई,

आज रविवार, पण माझी पाळी आहे. उंदरांना रविवार नसतो. पिंजरे धुवायच्या मशीनमध्ये टाकलेत, ते निघेपर्यंत लिहिते.

मॅडमना विचारलं. आडून-आडून मला जमत नाही. सरळ म्हटलं, माझ्या ताईच्या नवऱ्याला विसर पडायला लागलाय, त्यांना हे द्याल का? “बारा वर्षांत तुम्ही पहिल्यांदा काहीतरी मागितलंत,” म्हणाल्या.

तर ऐक. औषध नवीन नाही. दुसऱ्याच दुखण्याला माणसं ते पूर्वीपासून घेतात. म्हणून माणसांवर बघायला फार वेळ लागणार नाही. साठीच्या पुढची, नुकता विसर पडायला लागलेली ऐंशी माणसं घेणार. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसती पांढरी गोळी, आणि कुणाला काय मिळालं ते कुणालाच सांगणार नाहीत. मी म्हटलं, हा कुठला न्याय? म्हणाल्या, हाच न्याय. मोठ्या लोकांशी कोण वाद घालणार. भावोजींची तपासणी होईल, त्यात बसले तर घेऊ म्हणाल्या. फॉर्म आणून ठेवलाय.

तू विचारलंस, तिथे नक्की काय करतेस. बारा वर्षांत विचारलं नव्हतंस. ‘उंदरांची मोलकरीण’ म्हणून मोकळी व्हायचीस. आता गरज पडली तर विचारतेस, पण विचारलंस तर सांगते.

दोन खोल्या आहेत, खिडक्या नाहीत. आत जायच्या आधी गाऊन, टोपी, तोंडाला पट्टी, हातमोजे, पायात प्लास्टिकच्या पिशव्या. नवरीलासुद्धा एवढं नटवत नाहीत. आत रॅकवर पिंजरे, चपलेच्या खोक्याएवढे. प्रत्येकाला पुढे एक कार्ड. पिवळं कार्ड म्हणजे औषधाचं खाद्य, पांढरं कार्ड म्हणजे साधं. पिवळ्यांची खोली माझी, पांढऱ्यांची मामांची. हे मामा माझ्याबरोबर काम करतात. मामा कुणाचेच नाहीत, पण सगळे मामा म्हणतात. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे.

भुसा बदलायचा, पाणी भरायचं, आठवड्याला वजन करायचं. आणि रोज एक फॉर्म. प्रत्येक म्हाताऱ्या उंदरामागे तीन प्रश्न. खात नाही का? बोट लावलं तरी हलत नाही का? वजन पाचवा हिस्सा उतरलंय का? तीनातल्या दोनांना हो आलं की कार्डावर लाल खूण करायची. मग जनावरांचे डॉक्टर येतात आणि त्याच दिवशी त्याला शांत करतात. आपोआप मरायची वाट बघायची नाही, हा नियम. त्या दिवशी त्याचं वय लिहितात, आणि त्या वयांवरूनच पेपरातलं सगळं निघतं.

माझा हात चांगला आहे म्हणतात. परवा मामा दारातून ओरडले, “काय गं, तुझ्या खोलीत यमाला गेटपास मिळत नाही का?”

मी म्हटलं, “तुमच्याकडे रोज चहाला येतो, मग माझ्याकडे यायला त्याला वेळ कुठला?”

मशीन थांबलं. उठते.

धाकटी

१ मार्च, शनिवार

ताई,

पत्रात मला ‘भिंगरे’ लिहिलंस. दोन वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. आई गेली, तू बोलेनाशी झालीस, म्हणणारं उरलंच कोण? बरं वाटलं. फार वाटलं.

फॉर्म सोबत आहे. जिथे फुली केलीय तिथे भावोजींची सही घे. सही विसरले असतील तर अंगठा चालतो. तपासणी एप्रिलच्या सुरुवातीला.

भावोजी हल्ली बराच वेळ पडूनच असतात, टाचेला जखम झालीय, महिना झाला तरी भरत नाही असं लिहिलंस. एवढी मोठी गोष्ट शेवटच्या ओळीत कशी काय लिहितेस? टाच गादीला टेकू द्यायची नाही. पोटरीखाली उशी ठेव, टाच हवेत राहिली पाहिजे. दर दोन तासांनी कूस बदल. आईला चार महिने मी हेच केलं, एकही जखम होऊ दिली नव्हती. हे तुला माहीत नसेल. तू चार महिन्यांत दोनदा आलीस.

टोमणा नाही. म्हणजे आहे, पण कळवण्यापुरता.

भिंगरी

११ मार्च, मंगळवार

ताई,

हे पत्र भावोजी दुपारी झोपले की वाच. मधेच टाकू नकोस, संपेपर्यंत वाच. मग काय करायचं ते कर.

त्या औषधाने उंदीर जास्त जगले नाहीत. निदान मला तसं वाटतं. नक्की काय ते आता कुणालाच सांगता येणार नाही, कारण मी घोळ घालून ठेवलाय. गेली दोन वर्षं घालतेय.

आधी सोपं सांगते. मागे एका पत्रात मी लिहिलं ना, पिवळ्यांची खोली माझी, पांढऱ्यांची मामांची? आधी तसं नव्हतं. मॅडमनी मुद्दाम सगळी सरमिसळ लावलेली होती. दोन्ही खोल्यांत, सगळ्या रॅकवर, पिवळं-पांढरं-पांढरं-पिवळं, कशाला मेळ नाही. खाद्य घालताना प्रत्येक पिंजऱ्याशी थांबायचं, कार्ड वाचायचं, दोनातला बरोबर डबा उघडायचा. डोकं उठायचं. आईचं सगळं उरकून मी कामावर परत आले तेव्हा माझ्या अंगात नुसता राग होता. तो कुणावर काढायचा? रॅकवर काढला. दोन दिवसांत सगळे पिंजरे हलवले. पिवळे सगळे माझ्याकडे, पांढरे सगळे मामांकडे, नंबराने ओळीत. मामा खूश झाले. एकच डबा घेऊन फिरायचं, गुडघ्यांना आराम. आम्हाला दोघांनाही वाटलं, काय सुंदर काम केलं. मॅडम आत फारशा येत नाहीत, त्यांना कॉम्प्युटरवर पिंजऱ्याचा नंबर दिसतो, पिंजरा कुठे आहे ते दिसत नाही. ती सरमिसळ का होती हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नाही. पसारा दिसला, आवरला. बाईमाणसाला दुसरं काय येतं?

नुसतं एवढंच असतं तर चाललं असतं.

त्याच आठवड्यात माझ्याकडचा एक म्हातारा कोपऱ्यात मान घालून बसला. दोन दिवस खाल्लं नव्हतं. वजन उतरलेलं. दोन प्रश्नांना हो. मी लाल पेन उघडलं, आणि तू हॉस्पिटलच्या जिन्यात सगळ्यांसमोर जे बोललीस ते कानात आलं. “एक दिवस! एक दिवस थांबवलं नाही तुला!” मी पेन बंद केलं. फॉर्मवर लिहिलं, खातो. खाद्याची गोळी पाण्यात भिजवून मऊ केली, बोटावर घेतली आणि त्याच्या तोंडाशी धरली. म्हटलं, आजचा दिवस राहू दे, उद्या बघू.

तो एकोणीस दिवस जगला. रोज म्हटलं, उद्या बघू.

ते दिवस चांगले होते असं समजू नकोस. शेवटी शेवटी मागचे पाय ओढत यायचा माझ्या बोटाकडे. तरी मी खूण केली नाही. मग दुसरा आला, मग तिसरा. एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही, हे कुठल्या तोंडाने करणार? माझ्या खोलीत एकशेवीस होते, त्यातले बरेचसे असेच ओढून नेले. मामा मात्र नियमाचे पक्के. दोन हो आले की लाल खूण, दुपारी डॉक्टर, संध्याकाळी पिंजरा धुवायला. म्हणून त्यांचे लवकर गेले आणि माझे उशिरा. वर बसलेल्यांना वाटलं औषधाने झालं.

ते तेवीस दिवस औषधाचे नाहीत, ताई. ते माझ्या बोटावरचे आहेत.

मागच्या वर्षी मला याचा अंदाज आला होता. मॅडम हातात कागद घेऊन धावत खाली आल्या, रडत होत्या, मामांना पेढा दिला तसा मलाही दिला. मी खाल्ला. काय बोलणार? पुढे पेपरात आलं, मग तुझं पत्र आलं. तुझ्या पत्राने मी खूश झाले, हे लपवत नाही. औषध मिळवून दिलं की तू बोलशील, एवढंच डोक्यात. अर्ध्यांना नुसती गोळीच देणार आहेत, काय बिघडतंय, असं स्वतःला समजावलं.

पण तू टाचेचं लिहिलंस. पिवळ्या कार्डांचे उंदीर एकमेकांना चावले की त्यांच्या जखमा लवकर भरत नाहीत. मी डोळ्याने बघते, डॉक्टरही म्हणतात. मॅडम म्हणाल्या, आयुष्य वाढत असेल तर तेवढं सोसू. पण वाढत नसेल तर कशासाठी सोसायचं? भावोजींचा पाय घेऊन मी तुला खूश करू?

आता आईचं. डॉक्टर म्हणाले वेळ नाही, हे मी तुला सांगितलं ते खोटं. डॉक्टर म्हणाले होते, “तुमची मोठी बहीण उद्या येणार असेल तर एक-दोन दिवस थांबू, हरकत नाही.” मीच नको म्हटलं. श्वासाचं मशीन काढायचा कागद मी मागून घेतला आणि सही केली. आईला त्रास होत होता हे खरं आहे. पण मी दमले होते हेही तितकंच खरं. चार महिने तिची कूस मी बदलली, नळीतून दूध मी घातलं. मला माहीत होतं, तू येशील, तिचा हात धरून रडशील, अजून थोडं थांबू म्हणशील आणि तुझ्या घरी परत जाशील. थांबायचं मला असतं. म्हणून तू यायच्या आत उरकलं. आईसाठी केलं असं जगाला सांगितलं. किती तिच्यासाठी आणि किती माझ्यासाठी, ते मला आजही वेगळं काढता येत नाही.

मॅडम परगावी गेल्यात, सोमवारी येतील. सोमवारी सांगणार. तुला आधी सांगितलं, कारण तू फॉर्मवर सही घेऊन बसली असशील.

धाकटी

२० मार्च, गुरुवार

ताई,

शनिवारी फोनवर जे झालं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी ‘मी असं बोललेच नव्हते’ म्हणायला नको.

तू म्हणालीस, “तुला कुणी विचारलंय का? नाही ना? मग तोंड मिटून बस.”

मी म्हटलं, “त्याने काही होणार नाही, ताई. उलट पाय जाईल.”

“तू डॉक्टर आहेस का? चौथी नापास.”

“चौथी पास. पाचवीत गेले नाही.”

“त्यांनी काल मला विचारलं, बाई, तुम्ही कुठल्या थांब्याला उतरणार? मला, भिंगरे! चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोला! ऐंशीतल्या चाळिसांना मिळणार आहे. ह्यांना मिळालं तर मिळालं. माझ्याकडे आशेला दुसरं काय आहे?”

मग तू म्हणालीस, “आईला एक दिवस दिला नाहीस. ह्यांना तरी दे.” आणि फोन ठेवलास.

त्यानंतर मी एक तास ओट्याशी उभी होते, काहीही न करता. तुला ठाऊक आहे मी कधी काही न करता उभी राहत नाही.

सोमवारी मॅडमना सांगितलं. त्यांच्या खोलीत गेले, दार लावलं, तुला लिहिलं त्याच ओळीने सगळं सांगितलं, आईचंसुद्धा. अर्ध्यात त्यांनी चष्मा काढून ठेवला. माझं संपलं. मग एकदम ओरडल्या, “पिंजरे हलवायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?”

“कुणी नाही. घाणेरडं दिसत होतं.”

“घाणेरडं!” त्या हसल्या की रडल्या मला समजलं नाही. “सहा वर्षं, बाई. सहा वर्षं.”

मी म्हटलं, फॉर्म खोटे आहेत, पण वजनं खरी आहेत. काट्याला मी खोटं बोलायला लावलं नाही. त्यांनी मान वर केली. मग दोन दिवस त्या आणि त्यांच्या हाताखालची मुलगी तक्ते घेऊन बसल्या. कुठल्या उंदराचं वजन कधी पाचवा हिस्सा उतरलं, त्याला लाल खूण कधी व्हायला हवी होती, एकेक शोधून काढलं. मीही बसले होते, आठवेल ते सांगत. तेवीस दिवसांतले तीन उरले. तीन म्हणजे काही नाहीच म्हणाल्या, ते नुसतं नशिबानेही येतं. माणसांवरचं काम थांबवलं. छापलेलं मागे घेण्याचं पत्र मॅडमनी स्वतः लिहिलं, खाली स्वतःचं नाव घातलं, माझं नाही. मी म्हटलं, माझं घाला. म्हणाल्या, “खोली माझी होती. मी आत यायला हवं होतं.”

सगळ्यात जास्त चिडले ते जनावरांचे डॉक्टर. शांत माणूस, बारा वर्षांत मोठ्याने बोललेला ऐकला नव्हता. ते म्हणाले, “तुम्हाला तो फॉर्म आकड्यांसाठी वाटला? त्यांचे हाल होऊ नयेत म्हणून आहे तो. रोज उद्या-उद्या केलंत. ते उद्या त्यांनी मागितले होते का?”

मॅडम ओरडल्या ते लागलं नाही, हे लागलं. बारा वर्षं मी स्वतःला त्या जिवांची आई समजत होते.

मामांना कळलं तेव्हा ते पिंजऱ्यांच्या गाडीवर बसून राहिले. म्हणाले, “मला वाटायचं माझाच हात वाईट आहे. दोन वर्षं मी घरी सांगत होतो, माझ्या हातचे टिकत नाहीत.” हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यांची माफी मागितली. “राहू दे आता,” म्हणाले, आणि माझी खोलीही झाडून घेतली.

चौकशी होईपर्यंत मला दोन महिने घरी बसवलंय. पुढे ठेवतील की काढतील माहीत नाही.

भावोजींना गोळी मिळणार नाही. ही बातमी मीच द्यायला हवी म्हणून लिहिली. शिव्या द्यायच्या तर दे. पण एक सांगते, तुझ्या पत्रांतून मला दिसतंय, तू एकटी आहेस. मुलगा लांब, सून लांब. कूस बदलणं एका बाईचं काम नाही. मी बारा वर्षं म्हातारे सांभाळले, मधे चार महिने आई सांभाळली. दोन महिने मोकळी आहे. तू बोलावलंस तर येईन.

नाही बोलावलंस तरी टाचेखाली उशी ठेव. टाचेखाली नाही, पोटरीखाली. चुकू नकोस.

धाकटी

५ एप्रिल, शनिवार

ताई,

तुझं कार्ड काल आलं. पंधरा दिवस वाट बघितली. मी वाट बघायला शिकतेय, एवढ्या वयात.

‘माझी पाठ धरली आहे, त्यांना उचलवत नाही, म्हणून ये. माफ केलंय असं समजू नकोस.’ एवढंच लिहिलंस. समजत नाही. माफीसाठी येत नाही. तू चिडलेली बरी. तू गोड बोललीस की मी भलतंच काहीतरी करून बसते, हे आता मला कळलंय.

मंगळवारच्या सकाळच्या गाडीने निघते, दुपारी पोचते. घ्यायला येऊ नकोस, त्यांना एकटं टाकून कशाला यायचं? घर मला सापडेल. मी आले म्हणून नवीन चादरी काढू नकोस. जुन्या, मऊ झालेल्या काढ, घड्या न घालता. दोन लहान उशा आणि एक मोठी लागेल. नखं काप, तुझीपण.

ते मला ओळखणार नाहीत. ‘ही धाकटी, तुमची मेहुणी, आठवतंय का’ असं दहादा विचारू नकोस त्यांना. मी आले, कामाला लागले, एवढं त्यांना पुरेल. मला विचारलं, बाई कुठे उतरणार, तर मी शेवटचा थांबा म्हणेन. म्हणजे पुन्हा उठवायला यायला नको.

आईचं बोलायचं असेल तर बोलू. पहिल्या दिवशी नाही. पहिल्या दिवशी मला त्यांचं अंग कळू दे, कुठे दुखतं, कुठे नाही. ते झालं की तू हवं ते विचार. यावेळी जे झालं तेच सांगीन. तुला आवडो न आवडो.

एवढं मात्र मंगळवारच्या आधी कळव. ते कुठल्या कुशीवर झोपतात?

भिंगरी